निगेटिव्हचे पेढे

उल्हासनगरच्या आमच्या इमारतीला एकच लांब गॅलरी होती आणि तिच्यात कोणाचंच काही लपत नसे. कोणाकडे सुकट भाजली, कोणाचा नवरा रुसून शहाडला बहिणीकडे जाऊन बसला, सगळं सगळ्यांना ठाऊक. ती इमारत आता पाडली. मला तिची इतकी आठवण येईल असं तेव्हा कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

वहिनी लग्न होऊन मोरिवलीहून आली तेव्हा मी शाळेत होते. आई नव्हती. माझी वेणी, डबा, पहिल्या पाळीची समजूत, सगळं वहिनीनेच केलं. स्वतःच्या बाबतीत मात्र भारी लाजाळू. आतले कपडे दोरीवर टॉवेलखाली वाळत घालायची. छातीतली गाठही तिने बरेच दिवस लपवली. दादा आनंदनगरच्या कंपनीत पाळीवर, त्यामुळे शेवटी मीच तिला धरून दवाखान्यात नेलं. गाठ कॅन्सरची निघाली.

मग त्याच गाठीची आणखी एक तपासणी झाली. तिच्या कागदावर तीन ठिकाणी ‘निगेटिव्ह’. कोरोनाने आम्हाला एवढं इंग्रजी पक्कं शिकवलं होतं की निगेटिव्ह म्हणजे सुटलो. इथे तर तीनदा सुटलो! आधीची तपासणी चुकली, असं आम्ही ठरवूनच टाकलं. शेजारच्या सिंधी काकींनी तोंड गोड करायचा हुकूम सोडला आणि मी गॅलरीभर पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला शांतपणे जमिनीवर आणलं. कॅन्सर होताच, आणि जरा आडमुठ्या जातीचा. हार्मोनच्या गोळ्या वगैरे त्याच्यावर चालणार नाहीत, एवढाच त्या निगेटिव्हचा अर्थ. पण अशा गाठी केमोने बरेचदा चांगल्या विरघळतात, म्हणून आधी केमो, ऑपरेशन नंतर. विरघळली तर पुढची आशा मोठी, आणि छातीही बहुधा वाचेल.

हिची विरघळेल का, मी विचारलं.

“अंदाज बांधता येतो, त्यावर संशोधनही चालू आहे,” त्या म्हणाल्या. “पण ह्यांची गाठ काय करेल, ते औषध दिल्यावरच कळेल.”

मला असा संताप आला! एवढी यंत्रं, एवढे कागद, आणि शेवटी बघू या? रिक्षात मी वहिनीसमोर तोंडाचा पट्टा सोडला. घरी आलो तर गॅलरी अभिनंदनाला उभी. मी सगळ्यांना खरं सांगायला निघाले, तर वहिनी म्हणाली, “राहू दे गं बाय. खाल्लेला पेढा कोण परत देतंय?” मी हसता हसता रडले.

खरं काय ते दोन दिवसांत सगळ्यांना कळलंच. केमो सुरू झाल्यावर वहिनीला फोडणीच्या वासाने उलट्या होत. मग तिच्या केमोच्या दिवशी गॅलरीत कोणी फोडणी द्यायचं नाही, असं न ठरवताच ठरलं. सिंधी काकींच्या घरी लसणाशिवाय पान हलत नसे, पण त्याही बिनफोडणीची खिचडी घेऊन यायच्या. त्या मिळमिळीत जेवणावर पुरुष मंडळी कुरकुरायची आणि गुपचूप जेवायची. आता आम्ही बदलापूरला राहतो. बंद दाराआड मी काय फोडणीला टाकते हे कोणाला कळत नाही, आणि कधी कधी घास गोड लागत नाही.

केमो अर्ध्यावर आली असताना एका दुपारी वहिनीने मला न्हाणीतून हाक मारली. मला वाटलं, पडली. मी धावले. ती ओलेत्याने उभी होती. तिने माझा हात धरून छातीवर ठेवला.

“लागते का गं?”

मी चाचपलं. नखाएवढंही काही लागत नव्हतं. ऑपरेशन व्हायचं होतं, मशीनने बघायचं होतं, हातावर विसंबू नये हे मला कळत होतं.

“नाही लागत.”

“नीट बघ.”

मी पुन्हा बघितलं. बोटांना फक्त तिचं काळीज धडधडताना लागत होतं. “नाही गं वहिनी, खरंच नाही,” मी म्हटलं, तरी तिने कितीतरी वेळ माझा हात सोडला नाही.