माझ्या नावावर मोडलेला पाय

मी जन्माचा भित्रा. बोईसरजवळच्या एका खडीच्या खाणीवर कामाला लागलो, तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगा आता धीट होईल. त्या वर्षांत तारापूरकडे मोठी बांधकामं निघाली होती आणि खडीला मरण नव्हतं. सुरुंग उडायच्या आधी शिट्टी वाजे, ती ऐकली की मी सगळ्यांच्या आधी आडोसा गाठायचो. एके दिवशी शिट्टी न वाजताच सुरुंग उडाला आणि नारळाएवढा धोंडा माझ्यापासून हातभर अंतरावर पडला. दुसऱ्या दिवशी मी ताप आल्याचं सांगून गोधडीत शिरलो.

खाडा झाला की हजेरीचा बिल्ला जायचा, म्हणजे कामच जायचं. म्हणून आमच्याकडे एकाच्या बिल्ल्यावर दुसरा सर्रास कामाला जाई. भावाच्या जागी भाऊ, बापाच्या जागी लेक. मुकादम डोकी मोजायचा, तोंडं बघत नसे. त्या दिवशी माझा बिल्ला घेऊन दादा गेला. दुपारी चौघांनी त्याला खाटेवर घालून घरी आणलं. कड्यावरून सुटलेल्या धोंड्याखाली त्याचा पाय चेंगरला होता.

हजेरीच्या वहीत मात्र मी होतो. मालकाचा कारकून दारात येऊन म्हणाला, "जखमी माणूस आमच्या वहीत नाही. ज्याचं नाव आहे, तो तर इथे धडधाकट उभा आहे." वर, भरपाई मागितलीत तर फसवणुकीची तक्रार पोलिसांत देऊ, असंही बजावून गेला. माझी पाचावर धारण बसली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण दादा केळवे-माहीमच्या वाड्यांत सुपारीच्या झाडांवर चढून पोट भरणारा. त्याचा पाय गेला म्हणजे सगळं घरच बसलं.

पाय प्लास्टरमध्ये असतानाच दादाला घेऊन मी पालघर गाठलं. पहिला वकील त्याच मालकाची कामं बघणारा निघाला. त्याने गोड हसून आमचं गाव विचारलं, तर मी खोटंच गाव सांगून दादाला बाहेर काढलं. दुसरा वकील कोर्टामागच्या खोलीत बसायचा. म्हातारा, कोटाची कोपरं विरलेली. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"कामावर हाच होता हे सिद्ध करावं लागेल," तो मला म्हणाला. "मुकादम बोलायचा नाही. तेव्हा तूच शपथेवर सांगायचंस, की तू घरी होतास. का होतास घरी?"

"ताप होता."

"डॉक्टरची चिठ्ठी?"

खोटं रेटलं तर उलटतपासणीत दोघंही बुडणार. खरं सांगावं, तर दादा शेजारीच बाकावर बसलेला. पोलिसांचं भय होतंच, पण त्या क्षणी दादाच्या तोंडाकडे बघायची भीती त्याहून मोठी होती.

"ताप नव्हता," मी म्हणालो. "सुरुंगाला भ्यालो होतो."

वकील लिहिता लिहिता थांबला. दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "मला ठाव हाय. कपाळाला हात लावला तवा गारच होतं."

"मग तुम्ही गेलात कशाला?"

"पोर थरथरत होतं, साहेब. ताप नाय म्हणून काय त्याला पाठवायचा?"

वकिलाने वकीलपत्र पुढे केलं. दादाने अंगठा टेकवला. मला वर बघवेना, लाज वाटत होती आणि रडूही येत होतं.

साक्षीच्या दिवशी मी पहाटेपासून थरथरत होतो. तरी गेलो. तिथे माझ्या जागी दुसऱ्या कुणाला पाठवता येत नव्हतं.