आईनं लावलेल्या खिडक्या

राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की आमच्या गल्लीत पिशव्या भरायला लागतात. घर नदीकडच्या उताराला. महापुरात शेजारचे लोक "पाणी दारात आलं की निघू" म्हणत बसले आणि शेवटी त्यांना पत्र्यावरून बोटीत उतरवावं लागलं. आम्ही आधीच निघालो होतो, तेही आईच्या आरडाओरड्यामुळं. तेव्हापासून आमच्या घरात एकच कायदा: सांगितलं की निघायचं. मी कागलच्या एमआयडीसीत काम करतो, तिथंही तेच. भोंगा वाजला की हातातलं टाकायचं आणि बाहेर मैदानात जमायचं.

म्हणून त्या सोमवारी बहिणीनं फोनवर जे सांगितलं, ते आमच्या कुणाच्याच डोक्यात शिरेना.

बहीण घाटाखाली, समुद्राकाठी राहते. तिचा नवरा तिथल्या अणुवीज प्रकल्पात नोकरीला आहे. मला कारखान्याची सुट्टी होती, नुकताच जेवायला बसलो होतो. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी तिथल्या भोंग्याचा व्हिडिओ टाकला, खाली हात जोडून "जोतिबा, सांभाळ रे बाबा". मी उष्ट्या हातानंच बहिणीला फोन लावला, स्पीकरवर.

"दादा, मी बरी हाय," ती म्हणाली. "वसाहतीत गाडी फिरतीया. घरात जावा, दारंखिडक्या लावा, एसी बंद करा, अन्नपाणी झाका म्हणून सांगत्यात. आयोडीनच्या गोळ्या दिल्यात, पण सांगितल्याबिगर घ्यायच्या न्हाईत."

"आणि दाजी?"

"आत हाईत, ड्यूटीवर. त्यांस्नी आत फोन नेता येत न्हाय." मागं तिचं तान्हं पोर रडत होतं.

आईनं माझ्या हातातून फोन हिसकावून घेतला. "नीघ तिथनं. लेकराला घे, पिशवी उचल नि नीघ!"

"आई, भाईर पडायचं न्हाय म्हणून सांगितलंय."

"सांगनारं काय, सांगत्यातच. आपलं शेजारी घर धरून बसलं, काय मिळीवलं? तुझ्या समोरची मानसं काय कराय लागल्यात?"

"ती गेली गाडी काढून."

खटला जिंकल्यासारखं आईनं माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात दारात जीपचा हॉर्न वाजला. ग्रुपवर वाचून काका निघालेही होते. मागच्या सीटवर दोरखंड आणि ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब, पुरात वापरलेली तीच.

"काका, ट्यूब कशाला?"

"असू दे की! वाटंत काय बी लागतंय. मायलेकरांस्नी घिऊनच येतो." आणि ते गेलेसुद्धा. एरवी मी पोट धरून हसलो असतो. पण त्या वेळी मला त्यांचा नुसता हेवा वाटला. त्यांना निदान काहीतरी करायला मिळालं होतं.

मी फोन परत घेतला. बहीण रडत होती. "दादा, आता तूच सांग. तू म्हनशील तसं करते. निघू का थांबू?"

माझं सगळं अंग म्हणत होतं, नीघ. पण निघायचं म्हणजे कसं? तिच्याकडं स्कूटर. लेकराला छातीशी बांधून त्याच वाऱ्यातून जायचं, ज्याच्यासाठी खिडक्या लावायला सांगितल्या होत्या. पुराचं पाणी डोळ्यांना दिसतं. कुठं चढलंय, कुठून वाट आहे, हे आम्हाला काठीनं चाचपता येतं. इथं काठी कुठं टेकवणार? तिकडचं काय ते ज्यांच्या हातात यंत्रं होती त्यांनाच कळत होतं, आणि ते म्हणत होते थांबा. मी तिला फोन बंद खिडकीजवळ धरायला सांगितला. कर्ण्यावरचा आवाज अस्पष्ट आला. पुढची सूचना येईपर्यंत घरातच थांबा. जायची वेळ आली तर बस येतील. गरजेशिवाय फोन वापरू नका.

"थांब," मी म्हणालो. "आतल्या खोलीत बस. आणि फोन मोकळा ठेव. दाजींनी कुठनंतरी लावला, तर लागाय पायजे."

"तू पण ठेवतोस?"

"व्हय. मी पण ठेवतो."

मी फोन ठेवला. आई म्हणाली, "तिला काय झालं, तर मला तोंड दावू नगंस." ती मला जे म्हणत होती तेच मी मला म्हणत होतो.

ग्रुपवर लिहिलं, "बहिणीला कुणीही फोन करू नका." झालं! का करायचा नाही, हे विचारायला सगळ्यांचे मला फोन. आत्या म्हणाली, मिठात आयोडीन असतंय, पोरीला मीठ चाटाय सांग. मी तिच्यावर खेकसलो. काकांना फोनवर गाठलं तर ते घाटाच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर होते. पुढं जाऊ नका, तिथले रस्ते मोकळे ठेवायला सांगितलेत, म्हणालो. "मग हितंच थांबतो," ते म्हणाले. "पर माघारी येनार न्हाय."

मग फोन वाजायचे थांबले. ते जास्त वाईट होतं.

आई बराच वेळ भिंतीला टेकून बसली होती. अचानक उठली आणि रस्त्याकडची खिडकी लावली. मग नदीकडची. माजघरातली. स्वयंपाकघरात जाऊन पाण्याच्या घागरीवर ताट उपडं घातलं, माझं अर्धं राहिलेलं जेवण झाकलं, परसदाराला कडी घातली.

"आई, तिकडचं वारं काय कोल्लापूरपातूर येत न्हाय."

"लेकीनं लावल्यात," ती म्हणाली.

मी उठून न्हाणीघराची झडप लावून आलो. पंखा तिनं आधीच बंद केला होता. घामानं निथळत आम्ही दोघं बसलो, मधे माझा फोन.

उन्हं उतरताना तो वाजला. "सुटलं, दादा," बहीण म्हणाली. "आत कायतरी बिघडलंतं, पर भाईर काय आलं न्हाय. गाडीनं सांगितलं, आता उघडा म्हणून. मी उघडल्या." आईला म्हणालो, ऐकलंस न्हवं? उघड आता.

"जावई आलं का घरला?"

"अजून न्हाय," बहीण म्हणाली.

आई जागची हलली नाही. दिवेलागणीला दाजींचाच फोन आला. घरी आलोय, बाळ खांद्यावर झोपलंय, म्हणाले. आईनं त्यांना जेवलात का विचारलं, नाही म्हटल्यावर रागावली आणि फोन माझ्याकडं दिला. मग एकेक खिडकी उघडत गेली. नदीकडची शेवटी उघडली आणि गजाला धरून तिथंच पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मी जवळ गेलो नाही.

"तुझ्या काकाला फोन लाव," ती तशीच उभ्या उभ्या म्हणाली. "जेवाय ये म्हनावं."