एकाच्या चकतीवर पाच

माझी ताई टाकसाळीत एकतीस वर्षं नाणी ऐकायची. पाहायची नाही, ऐकायची. पेटीतून मूठभर नाणी काढायची, एकेक पोलादी पाटावर टाकायचं. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजणारी चार निघाली, की अख्ख्या पेटीवर लाल खडूची फुली आणि पेटी परत भट्टीत. तिच्या फुलीपुढे साहेबाचंही चालायचं नाही. एवढा तिखट कान, पण घरी कुणाचं म्हणून ऐकत नाही, असं भावोजी म्हणायचे.

भावोजी जन्मापासून आंधळे. इस्पितळाच्या फाटकापाशी त्यांची टपरी. कंगवे, साबण, रुमाल, पेनं. नाणं हातावर पडलं की अंगठ्याचं नख कडेवरून फिरवायचे, दातेरी तर पाच, गुळगुळीत तर एक, आणि डब्यात टाकायचे. मोड देताना कधी चुकले नाहीत. कुणी फसवायला गेलंच, तर त्याच्या सात पिढ्यांचा तिथंच उद्धार व्हायचा.

मग आपल्या पैशाचा भाव घसरला. परक्या चलनातलं एक घ्यायला आपले किती मोजायचे, तो आकडा रोज फुगायला लागला. नाण्यांचा धातू बाहेरून यायचा, त्याचे पैसे परक्या चलनात. पाचाचं एक नाणं पाडायला सहा खर्च. नाकापेक्षा मोती जड. तेव्हा वरच्या शहाण्यांनी तोड काढली. एकाच्या नाण्याच्या कोऱ्या चकत्या गोदामात ढिगानं पडल्यात, त्यांच्यावरच पाचाचा ठसा मारा. तेच वजन, तीच जाडी, तीच गुळगुळीत कड. ज्याला आकडा दिसत नाही त्यानं काय करायचं, हा प्रश्न एकाही दीडशहाण्याला पडला नाही. नियमात मात्र होतं, की नवं नाणं एका अंध माणसाकडून तपासून त्याची सही घ्यायची.

"बाई, तुमचे मिस्टर आहेतच की," साहेब ताईला म्हणाला.

भावोजी इस्त्रीचा सदरा घालून गेले. ताईला तपासणीच्या खोलीत जाऊ दिलं नाही, तिनं टेबल सोडायचं नव्हतं. संध्याकाळी आले ते खुशीत. मी त्यांच्या घरीच होते.

"मी स्पष्ट सांगितलं. म्हटलं, साहेब, हाताला दोन्ही एकच लागतात. हे बाजारात आलं तर माझ्यासारख्याचं दिवाळं निघेल. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मी सही केली. आता येत नाही ते नाणं."

खिशातून कागदाची नक्कल काढून त्यांनी ताईला दिली. तिनं वाचली आणि माझ्याकडे सरकवली. 'अंध व्यक्तीने दोन्ही नाणी स्पर्शाने अचूक ओळखली. हरकत नाही.' खाली भावोजींची सही.

"लिहिलंय ना सगळं?"

"लिहिलंय," ताई म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आंधळ्या माणसाला घरून बोलावून आणायचं, चहा पाजायचा आणि त्याच्याच हातानं त्याचा गळा कापायचा. यांच्या जिभेला हाड नाही हे माहीत होतं, पण लेखणीलाही लाज नसावी? मी ताईला स्वयंपाकघरात ओढून म्हटलं, आत्ताच सांग भावोजींना. ती म्हणाली, "नाणं बाहेर पडलं तर सांगायचं ना. मी पडू देत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं नव्या पाचाच्या पहिल्या पेटीवर फुली मारली. मग दुसऱ्या. दुपारपर्यंत एकोणीस पेट्या. साहेब धावत आला.

"कारण काय, बाई?"

"बद्द वाजतंय."

"सगळं?"

"सगळं."

तीन दिवस तिनं ते नाणं अडवून धरलं. चौथ्या दिवशी तिला सक्तीच्या रजेवर घरी पाठवलं. निवृत्तीला पाच महिने राहिले होते. तिच्या टेबलावर दुसरी बाई बसवली, तिला सगळंच खणखणीत ऐकू यायचं. ताई सामान घेऊन निघाली तेव्हा तिथला कारकून दात काढत म्हणाला, "आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं." निदान कुत्रं कोण, ते तरी त्यानं कबूल केलं.

नाणं आलं. पंधरा दिवसांत भावोजींच्या डब्यात एकाची नाणी पाच म्हणून येऊन पडली. इस्पितळात येणारी माणसं, कुणाकुणाला दोष द्यायचा? पण काहींनी मुद्दाम केलं, एकदा नाही, रोज केलं. भावोजी टाकसाळीत गेले, तर त्यांच्यापुढे तोच कागद धरला. तुमचीच सही आहे, म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी ताईला त्याची नक्कल वाचायला लावली. तिनं शब्दन् शब्द वाचला. ते चिडतील असं मला वाटलं होतं. नाही चिडले. एवढंच म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंस?"

परवा मी टपरीवर कंगवा घेतला. नाणं त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी नख फिरवलंच नाही.

"एक आहे की पाच?"

"पाच, भावोजी. मी आहे."

"आवाज ओळखला," ते म्हणाले. मूठ मिटली नाही, हात तसाच पुढे राहिला. "पाचच ना? खरं सांग."