किरणच्या पाठीतले बुक्के

माझ्या बाळंतपणात किरणने माझा हात सोडला नाही, हे आधी लिहून टाकते. बाकीचं मागून. नाहीतर सांगता सांगता मी दुसरीकडेच जाईन आणि नाव राहून जाईल. माझी शाळा सातवीत सुटली. एवढं लांब मी कधी लिहिलेलं नाही, त्यामुळे धाकधूक आहेच.

लग्न करून इकडे कन्नड शहरात, येलहंकाला आले तेव्हा चार घरी स्वयंपाकाची कामं धरली. त्यातलं एक घर किरणचं. मूळ गाव नागपूर, नोकरी कॉम्प्युटर कंपनीत. बारीक कापलेले केस, नाकात चमकी, अंगात ढगळ सदरा, आणि आवाज ना जाड ना बारीक. खालचा वॉचमन 'सर' म्हणे, भाजीवाला 'मॅडम' म्हणे, आणि किरण दोघांनाही हसून मान डोलवी. पहिल्याच दिवशी मी नुसतीच बघत राहिले. ते किरणच्या लक्षात आलं.

"दोन्ही हाकांना ओ द्यावीच लागते, सुरेखा. पण मी बाई पण नाही आणि बुवा पण नाही. मी किरण."

मला काही कळलं नाही. मी भाकऱ्या केल्या, वांगं केलं, आणि निघताना आमच्या खानापूरकडच्या सवयीने म्हणाले, "मी येतो आता."

किरणने लॅपटॉपवरून मान वर केली. "काय म्हणालीस?"

आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. इथल्याच एका पुण्याकडच्या घरात मला यावरून हसले होते आणि दर वेळी 'येते म्हण' करून सुधारायचे. मी घाईने म्हणाले, "चुकलं. येते."

"काऊन बदलतेस? मस्त आहे ते. तुमच्या गावच्या बायकांना जे जन्मापासून मिळालं, ते मला अजून सापडत नाही."

नंतर मी कान देऊन ऐकू लागले. किरण कधीच 'मी गेलो' म्हणत नसे की 'मी गेले' म्हणत नसे. 'मला जावं लागलं', 'माझं जेवण झालं', 'मला झोपच लागली नाही.' पाण्याचं डबकं चुकवत चालावं तसं बोलणं. मी एकदा विचारलं, एवढं सांभाळून बोलायचं म्हणजे त्रास होत नाही का? तर उत्तर आलं, "होतो ना. म्हणून तर ऑफिसात कन्नड बरं वाटतं. कुणाबद्दलही आदराने बोलायचं तर 'अवरु'. बाई असो, बुवा असो, किरण असो."

मला हाक कशी मारायची ते सुचत नव्हतं. इथे अनोळखी माणसालासुद्धा अण्णा किंवा अक्का म्हणतात. दोन्ही माझ्या जिभेवर येऊन परत जायचे. शेवटी मी 'अहो' वर आले. एकदा मारुतीचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोन चालू होता. तो विमानतळाच्या फेऱ्या मारणारी गाडी चालवतो. मी इकडे ओरडले, "अहो, जेवायला बसा, गार होतंय!" पलीकडून मारुती म्हणाला, "हे 'अहो' कोण तिथं?"

किरणने माझ्या हातातून फोन घेतला. "मारुतीभाऊ, काही टेन्शन नको. माझं प्रेम फक्त तुमच्या बायकोच्या आमटीवर आहे."

दुसऱ्या वेळी मी वॉचमनच्या बायकोला 'किरण आलं' म्हणाले. मागून आवाज, "मी काय पार्सल आहे का, आलं-गेलं म्हणायला?" मी रडवेली झाले. किरणने मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः चहा टाकला. "घाबरू नको बे. भाषा म्हणजे एसटीचं बाकडं. आधी वाटतं, भरलंय. कुणीतरी जरा सरकतं, आणि अजून एकाला जागा होते. तू सरकायला बघतेस, तेवढं पुरे."

बाकड्याचं हे बोलणं मी पुढे कितीदा तरी ऐकलं. पण नागपूरच्या घरचं कुणी सरकत नव्हतं. धाकट्या बहिणीचं लग्न निघालं तेव्हा आईचा फोन आला, मी तिथेच कणीक मळत होते. "ये, पण नीट होऊन ये." फोन ठेवल्यावर किरण खिडकीतून बाहेर बघत राहिलं. मग हळूच, "त्यांना कार्याला जे माणूस हवंय, त्याला मी ओळखत नाही." लग्नाच्या दिवशी मी गोड शिरा केला. तो तसाच राहिला.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. माझा रक्तदाब चढला, डॉक्टरांनी प्रवास बंद केला. सासूबाई पुढच्या आठवड्यात येणार होत्या. पण पोरीला घाई. भर दुपारी किरणच्या स्वयंपाकघरातच कळा सुरू झाल्या. मारुती प्रवासी घेऊन देवनहळ्ळीच्या पलीकडे. किरणने गॅस बंद केला, मला रिक्षात घातलं आणि दवाखान्यापर्यंत माझ्या कपाळावरचा घाम पुसला.

बाळंतिणीच्या वॉर्डाच्या दारात एक राखणदार बाई होती. आत सोबतीला फक्त बायका. तिने किरणला खालून वर बघितलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "नीवु यारु?" तुम्ही कोण?

किरणने माझ्याकडे बघितलं. मला चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, की एवढी वर्षं चुकवलेलं डबकं आता माझ्यासाठी तुडवायचं ठरतंय. 'बाई' म्हणून टाकायचं आणि आत शिरायचं. मला कळ आली होती, पण त्याहून ते बघवेना. मी दाराची कड धरून ओरडले, "नम्मवरु! नम्मवरु!"

आमचं माणूस. सीमेवरची असल्याने दोन्ही भाषा मला येतात, पण ती हाक कन्नडमध्येच का आली ते देव जाणे. आतून एक थोराड नर्स आली. तिने माझ्याकडे बघितलं, किरणच्या हातातल्या माझ्या हाताकडे बघितलं, आणि म्हणाली, "सरी, बन्नी." बरं, या. मधे पडदा ओढला आणि किरणला माझ्या उशाशी उभं केलं. पोर झाली तेव्हा तिच्याआधी किरणचं रडणं मला ऐकू आलं.

सासूबाई आल्या. मारुतीला सख्खी बहीण नाही, चुलतही नाही. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. त्या म्हणाल्या, "आत्या आता भाड्यानं आणायची काय गं?"

मी घाबरत घाबरत म्हणाले, "किरण सांगेल नाव."

"ते केस कापल्यालं? पोरगी हाय का पोरगा?"

"दोन्ही नाही."

त्यांनी विचार केला. आमचा भाग सौंदत्तीच्या यल्लम्माचा, तिथे देवीला सोडलेले जोगते बाईच्या वेशात फिरतात. "देवीकडचं माणूस काय?"

"नाही. कंपनीतलं."

सासूबाई उठून पोरीचे लंगोट वाळत घालायला गेल्या. मला रात्रभर वाटत राहिलं की सकाळी त्या नाही म्हणतील, आणि किरणला आणखी एका कार्याच्या बाहेर ठेवायची पाळी माझ्यावर येईल.

बारशाला शेजारच्या बायका जमल्या. वरवंट्याला झबलं घालून आधी त्याला पाळण्याखालून फिरवलं, मग पोरीला. नवीन कुडता घालून किरण दाराशीच, पाय आत पडेना. सासूबाईंनी हात धरून पाळण्यापाशी आणलं. किरणने वाकून पोरीच्या कानात नाव सांगितलं.

आता आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे. नाव सांगताना बायका आत्याला धबाधब बडवतात, हसतात, ही रीत. पण कुणाचा हात उठेना. एकीने पदर नीट केला. एकीने दुसरीकडे बघितलं. परक्या पुरुषाच्या पाठीला हात कसा लावायचा, आणि बाई म्हणावं तर बाई नाही. किरणची पाठ वाकलेलीच. ती पाठ वाट बघत होती. मी उठणार, तेवढ्यात सासूबाई कडाडल्या.

"हात झडले काय गं तुमचे? माझ्या नातीच्या नावाचे बुक्के ऱ्हायले की!" आणि त्यांनी स्वतः एक दणकून घातला. असा, की किरणच्या तोंडून "आई गं!" निघालं. मग काय, बायका तुटून पडल्या. किरण हसत होतं, रडत होतं, आणि बुक्के खात होतं.

जेवायच्या वेळी सासूबाई हातात पोळ्यांचं ताट घेऊन विचारत होत्या, "माझं लेकरू जेवलं काय गं? त्याला आधी वाढ." किरणचं वय चौतिशीच्या पुढे. मी हळूच विचारलं, "पार्सल नाही ना वाटत?" पुरणपोळीने भरलेल्या तोंडाने उत्तर आलं, "लेकरू चालेल. चालेल काय, पळेल." तेव्हापासून किरण आमच्या घरात येतं, जातं, बसतं, भांडतं. वर मी तसंच लिहून गेले असेन तर ते म्हणून.

त्या बुक्क्यांचा व्हिडिओ किरणने आईला पाठवला होता. दोन दिवसांनी नागपूरहून फोन आला. नीट होऊन ये, असं काही नव्हतं. एवढंच विचारलं, "पाठ दुखत नाही ना?" किरणने फोन ठेवला आणि मला तीनदा तेच ऐकवलं, जणू मी तिथे नव्हतेच.

आता कंपनीने किरणला हैदराबादला पाठवलंय. यशवंतपूरच्या स्टेशनवर पोचवायला गेलो तेव्हा पोर खांद्यावर झोपली होती. गाडी हलली आणि मी सवयीनेच ओरडले, "मी येतो!" जायचं होतं किरणला. दारातून हसू आलं, "ये की, वाट बघेन!"

किरण, आज माझ्याकडे तुला द्यायला काही नाही. पण कधीतरी तुलाही दवाखान्याच्या दाराशी कुणाची गरज पडेल, आणि तिथलं कुणी मला विचारेल, तुम्ही यांच्या कोण? तेव्हा मी हैदराबादला असेन. ओरडायला मला फार विचार करावा लागणार नाही.