हिराबाईंचं रडणं

नंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मार्गासनीच्या फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. एसटी आली, गेली. मी तिथंच बसून राहिलो. महिना उलटून गेला तरी त्या दिवशीचा थकवा काही उतरलेला नाही...

नंदा फिल्म करायची, मी तिचं एडिटिंग. उत्रोलीत ती बायकांना लिहायला-वाचायला शिकवायची आणि त्यांच्याच हातात कॅमेराही द्यायची. तिचा एक हट्ट होता. फिल्म ज्यांच्यावर, त्यांच्या अंगणात पांढरी चादर बांधून ती आधी त्यांना दाखवायची. कुणी ‘हे नको’ म्हटलं की तेवढं काढायचं. "लोकांना नाही म्हणता यावं, हेच तर शिकवते मी," म्हणायची. माझा मात्र हातातोंडाशी आलेला घास जायचा.

पालीच्या वरच्या धनगरवाड्यातल्या हिराबाईंच्या वेळी तेच झालं. त्यांनी शेवटची म्हैस विकली, ती खाली रस्त्यावर टेम्पोत चढवताना त्या ढसाढसा रडल्या. सगळ्या फिल्मचा जीव त्या शॉटमध्ये होता. चादरीवर तो बघून हिराबाई म्हणाल्या, "ताई, येवढं काढा. पावन्यारावळ्यांत दिसंल." नंदानं काढला. मी खूप भांडलो. माझं मत आजही बदललेलं नाही. फिल्म त्यानं लंगडी झाली.

आता नंदाच्या आठवणीत तीच फिल्म भोरला दाखवायचं ठरलंय. शॉट परत लावला असता तर अडवणारं कुणी नव्हतं. पण तिची खोड मलाही लागलेली. लॅपटॉप घेऊन डोंगर चढलो आणि हिराबाईंना तो शॉट दाखवला. म्हैस टेम्पोत चढते, हिराबाई रडतात आणि कॅमेऱ्यामागून नंदाचा आवाज येतो, "हिराबाई, बसा जरा... मी आहे इथं."

"पुन्यांदा लावा," हिराबाई म्हणाल्या. मी लावला. पदरानं डोळे पुसून त्या बोलल्या, "ऱ्हाऊ द्या आता. माजं रडनं बगू द्या कुनाला बी. ताई हाय त्यात."

इतकी वर्षं हवा असलेला शॉट मिळाला, आणि आता तो जोडायला बसलो की नंदाच्या आवाजापाशी हात थांबतो.

चादर तिच्या घरी होती, टोकांना तिनेच बांधलेल्या दोऱ्यांसकट. त्या गाठी मी सोडलेल्या नाहीत. भोरच्या आधी फिल्म हिराबाईंच्या अंगणात दाखवणार. चादर बांधताना एक टोक माझ्याकडे असायचं, दुसरं नंदाकडे. "ओढ की रे नीट," म्हणून ती ओरडायची. आता दुसरं टोक ‘मी धरते’ असं हिराबाई म्हणाल्यात. त्यांचा हात तेवढा वर पोचायचा नाही, चादर तिरकी होईल. होऊ दे.