निजलेलं पाणी

नाबल गावात सुतारांना तोटा नाही. दारं करणारे आहेत, खिडक्यांच्या निळ्या जाळ्या करणारे आहेत, नवरीच्या संदुका करणारे आहेत. या सगळ्यांना लोक आदराने उस्ताद म्हणतात. खमैसला मात्र खोकेवाला म्हणायचे, आणि तेही तोंडावर. त्याचं पित्त खवळायचं. का खवळू नये? दार बिघडलं तर फार तर करकरतं. खमैसची पेटी बिघडली तर कुणाच्या तरी घरचा अख्खा वसंत रस्त्यावर सांडतो. तरी दार बसवणाऱ्याला दिवाणखान्यात बसवून कॉफी, आणि खमैसने पेटी पोहोचवली की ती अंगणात ठेवून जा.

वसंतात कडू नारिंगाला फूल आलं की नाबलच्या घराघरांत तांब्याच्या भट्ट्या लागतात. थेंबथेंब उतरलेलं ते फुलांचं पाणी फश्कात भरतात. फश्का म्हणजे गोल पोटाची, अरुंद गळ्याची मोठी काचेची बरणी, अंगात विणलेल्या गवताचं जाकीट घातलेली. मांडीवर घेतली तर तोंड हनुवटीला टेकतं. भरलेला फश्का अंधाऱ्या खोलीत उभा ठेवायचा आणि महिनोन्‌महिने त्याला हात लावायचा नाही. मग त्या घरच्या बायका म्हणतात, पाणी राकद आहे, म्हणजे निजलंय. त्या खोलीशी कुणी मोठ्याने बोललं तरी त्याला दटावतात.

खमैसही आधी बापाबरोबर दारंच करत होता. त्याचं लग्न झालं तेव्हा बायकोच्या, बेयाच्या, माहेराहून गाढवाच्या गाडीत एक फश्का निघाला आणि वाटेतच फुटला. बेया रडली नाही. वरातीतली पाहुणी मंडळी ऐकत असताना ती म्हणाली, "सुताराच्या घरी आले, आणि माझ्या आईचं पाणी रस्त्याने प्यायलं. कमाल आहे." सासऱ्यासकट सगळे हसले. खमैसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी हातातलं दार अर्धवट टाकून तो पेटी करायला बसला, तो पुढे जन्मभर.

बाकीचे लोक काय करायचे, तर जाडजूड फळ्यांचं बंद खोकं ठोकायचे आणि आत भुसा कोंबायचे. खमैसला ते बघूनच संताप यायचा. त्याचं म्हणणं असं की बंद खोकं दिसलं की हमाल ते फेकणारच. त्याने काय बघितलंय आत काय आहे ते? म्हणून त्याच्या पेटीला फटी असत. फटीतून काच दिसली की आडदांड माणसाचाही हात आपोआप हलका होतो. लाकूड सरूचं, नारिंगाच्या बागांना वाऱ्याचा आडोसा म्हणून लावतात त्या झाडांचं, कारण ते धक्का बसला की तडकत नाही, जरासं वाकतं. खिळा एकही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. आणि फश्का पेटीत ठेवलेला नसे, टांगलेला असे. चारही कोपऱ्यांतून आलेल्या गवती दोऱ्यांच्या झोळीत त्याचं पोट बसायचं, गळ्याभोवती नुसता एक सैल फास, डुलू नये एवढ्यापुरता. काचेला लाकडाचा कुठेच स्पर्श नाही. पेटी आपटली तर पेटीने मार खायचा, झोळीने झोका घ्यायचा आणि पाण्याला कळायचंही नाही.

नवी पेटी झाली की तो तिच्यात साध्या पाण्याचा फश्का टांगायचा आणि शेजारच्या सादोक कुंभाराच्या जिन्यावरून ती सोडून द्यायचा. पेटी धडाधडा खाली यायची आणि सादोकची गिऱ्हाइकं भिंतीला चिकटायची.

"खमैस, लेका, माझं दुकान आहे हे. गिऱ्हाईक माठ घ्यायला येतं आणि जीव मुठीत धरून जातं."

"तुझे माठ फुटले का एक तरी?"

"नाही."

"मग माझ्या पेटीचे आभार मान."

सादोक कपाळाला हात लावायचा. पण पेटीवर शब्द रंगवायची वेळ आली की तोच ब्रश धरून द्यायचा. नाबलच्या प्रत्येक पेटीवर एकच शब्द असे, 'राकद'. निजलेलं आहे. नाबलमध्ये तो वाचला की शेंबड्या पोराला कळतं, उभं ठेवायचं, अंधारात ठेवायचं, हलवायचं नाही. सादोक एकदोनदा म्हणालाही, "एक बाण काढ की वर तोंड केलेला. सगळे काढतात."

"बाण शिकाऱ्याने काढावा," खमैस म्हणाला. "मी माणसांशी बोलतोय. माणसांना शब्द वाचता येतो."

गेल्या वसंतात बेयाने भट्टी लावली तेव्हा तिच्यात उभं राहायचीही ताकद नव्हती. खुर्चीत बसून ती तांब्याच्या नळीकडे बघत राहिली. एकच फश्का भरला. लेक दलेंदा दूर स्फाक्सला दिलेली, तिला दिवस राहिल्याचं तेव्हाच कळलं होतं. फश्काच्या तोंडाला फडकं बांधत बेया म्हणाली, "हे तिच्या बाळाच्या चाळिशीला, चाळिसाव्या दिवसाच्या आंघोळीला. दुसऱ्या कुणाला थेंब द्यायचा नाही. तुलासुद्धा नाही." हिवाळ्यात बेया गेली. खमैस त्या अंधाऱ्या खोलीच्या दाराशी बसून राहायचा, पण आत जायचा नाही. पाणी निजलं होतं.

दलेंदाला मुलगी झाली. चाळिशी जवळ आली तशी खमैसने जन्मात केली नव्हती अशी पेटी केली. दोऱ्या स्वतः वळल्या. फळ्या इतक्या घासल्या की हाताला रेशीम लागावं. सादोक बघत होता. शेवटी न राहवून तो म्हणाला, "एक सांगू? पेटी राहू दे. भाड्याच्या गाडीत पुढची सीट धर, फश्का मांडीवर घे आणि जा स्फाक्सला. बेयाचं शेवटचं पाणी आहे रे."

झालं. खमैसचा असा भडका उडाला की गल्लीतली कबुतरं उडाली. "मांडीवर? जन्मभर लोकांना सांगितलं की माझ्या पेटीत घाला आणि निर्धास्त झोपा, आणि आता माझ्याच घरचं पाणी मी मांडीवर घेऊन बसू? मी सोबत जायचं तर पेटी कशाला? लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणणार नाहीत. लोकांना कळणारही नाही."

"मला कळेल."

पेटी ट्रकने गेली. खमैसने स्वतः चढवली, उभी, दोराने बांधून. त्यानंतर तिसऱ्या प्रहरी फोनपाशी बसून राहिला तो दुसऱ्या दिवशी फोन वाजेपर्यंत हलला नाही. फोन लेकीचा नव्हता, विहिणीचा होता. मन्नूबियाचा आवाज गुळासारखा गोड होता, आणि तिथेच खमैसला शंका आली.

"पेटी पोहोचली हो, व्याही. काय मजबूत काम आहे. एक खुंटी हलली नाही. आतलं गवतही छान विणलेलं आहे. पाणी तेवढं आलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काच फुटली. आमच्यात माहेरचं म्हणून निदान बाटलीभर तरी पाठवतात. तुम्ही रिकामं खोकं पाठवलंत. असू दे, घरचं नळाचं पाणी आहे आंघोळीला."

खमैसने फोन आदळला. दुःख झालं असतं तर बरं झालं असतं, पण आला तो रागच. गाव काय बोलेल ते त्याला बसल्या जागी ऐकू येत होतं. खोकेवाल्याचं खोकं शाबूत आणि आतलं मेलं. सगळं खापर पेटीवर फुटणार. आणि त्याची पेटी काच अशी फुटू देणंच शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच टोपी घातली, खांद्यावर लाल मिरच्यांची माळ टाकली आणि त्याने भाड्याच्या गाडीची पुढची सीट धरली. त्याची मांडी रिकामी होती. वाटभर तो त्या रिकाम्या मांडीकडे बघत दात खात होता.

स्फाक्सला तो लेकीकडे गेला नाही, आधी मालगोदामात गेला. ट्रकमधून उतरलेला माल तिथे छोट्या गाड्यांत घालून घरोघर जातो. पेट्या चढवणारा तिजानी नावाचा हमाल उकडलेले चणे खात बसला होता.

"नाबलहून आलेली सरूची पेटी. आत फश्का होता. कुणी हाताळली?"

"मीच," तिजानी म्हणाला. "आठवते की. असली देखणी पेटी रोज येत नाही. बसा, काका. चणे घ्या."

"चणे गेले खड्ड्यात. कशी ठेवलीस?"

"अगदी जपून. खाली पोती घातली. माझा स्वतःचा कोट घातला वर. गाडीवाल्याला बजावलं, हळू चालव रे बाबा."

"ठेवलीस कशी ते विचारतोय. उभी की आडवी?"

तिजानीने चणे चावायचे थांबवले. "आडवी. म्हणजे काय? तुम्हीच लिहिलं होतं ना, एवढ्या मोठ्या अक्षरात? निजलेलं आहे म्हणून? ट्रकवाल्याने उभी आणलेली बघून मी त्याला चार शिव्या घातल्या. म्हटलं, वाचता येत नाही का, निजवून ठेवायचंय हे."

खमैसने डोळे मिटून हिशोब केला. पेटी आडवी झाली की झोळी लोंबते, आणि फश्काचा सगळा भार त्या गळ्याभोवतीच्या सैल फासावर येतो. पहिल्या खड्ड्यालाच गळा गेला असणार.

"निजलेलं म्हणजे उभं," तो कसाबसा म्हणाला.

"काका, तुमच्या नाबलमध्ये माणसं उभ्याने झोपतात काय?"

"पाणी झोपतं. पाणी उभ्यानेच झोपतं. जगाला ठाऊक आहे हे."

"स्फाक्सला ठाऊक नाही," तिजानी म्हणाला. तो थट्टा करत नव्हता, त्याचा चेहराच उतरला होता. "मी तर लेकराला निजवावं तशी निजवली हो."

शिव्या द्यायला आलेल्या माणसाला समोर शिव्या देण्याजोगं कुणी नसावं, यासारखा जाच नाही. हमालावर चिडावं तर त्याने अंगातला कोट काढून पेटीवर घातलेला. खमैस तिथून निघाला तो स्फाक्सच्या लोकांना भाषा येत नाही असं पुटपुटत. पुटपुटणं कोपऱ्यापर्यंत पुरलं. कोपऱ्यावर त्याला सादोकचा बाण आठवला. ब्रशचा एक फटकारा, त्याहून जास्त काम नव्हतं. एका फटकाऱ्याची घमेंड सोडवली नाही, मांडीवर घेऊन जायची लाज वाटली, आणि बेयाचं पाणी दुसऱ्यांदा रस्त्याने प्यायलं. एवढा राग त्याला आयुष्यात कुणाचा आला नव्हता जेवढा त्या घडीला स्वतःचा आला. भर रस्त्यात त्याने मिरच्यांची माळ भिंतीवर आपटली, आणि मग लेकीकडे न्यायच्या म्हणून मिरच्या वेचत बसला.

दार मन्नूबियाने उघडलं. तिने आधी तुटक्या मिरच्यांकडे पाहिलं, मग खमैसकडे.

"या, व्याही. काल झाली आंघोळ. तुमची वाट बघायला पाण्याला वेळ नव्हता. तुमच्या खोक्याचं सरपण करा म्हटलं तर तुमची लेक अंगावर येते. माहेरची ऐट दांडगी."

खमैसने जीभ आवरली आणि तो आतल्या खोलीकडे गेला. दाराशी पोहोचला आणि त्याला दिसलं ते हे, की त्याची पेटी जमिनीवर आडवी पडली आहे. आडवी. एका बाजूच्या पट्ट्यासुद्धा काढलेल्या.

"दलेंदा, पेटी आडवी कुणी," एवढं बोलला आणि थांबला.

दलेंदाने ओठांवर बोट ठेवलं होतं. पेटीत, त्याच्याच हाताने वळलेल्या दोऱ्यांवर, दुमडलेल्या चादरीवर मुलगी निजली होती. दोऱ्या लेकीने नव्याने ताणून बांधल्या होत्या, त्याच गाठी, लहानपणी दुकानात बसून बघितलेल्या. काचा वेचून, पेटी ठोकून, झाडून, उन्हात घालून, एकेक फट ओल्या कापडाने पुसून मगच तिने बाळाला आत ठेवलं होतं. खमैस खाली वाकला आणि वास आला. कडू नारिंगाच्या फुलांचा, तांब्याचा, नाबलच्या त्या अंधाऱ्या खोलीचा.

"रस्त्यावर नाही सांडलं, बाबा," दलेंदा हळूच म्हणाली. "गवताने धरलं आणि उरलेलं लाकूड प्यायलं. नळाच्या पाण्याने न्हाली खरी, पण काल रात्रीपासून तिच्या अंगालाही आजीचाच वास येतोय. इथे ठेवलं की रडत नाही."

मन्नूबिया मागून आलीच. "बघा, आता खोक्यात पोर निजवायची पद्धत काढलीय. लोक आले तर काय तोंड दाखवायचं मी? माझी नात काय संत्रं आहे?"

बाळाची भुवई हलली. खमैस गर्रकन वळला. एवढ्या दिवसांचा सगळा राग उफाळून आला होता, आणि ओरडायची सोय नव्हती. त्याने नुसतं बोट केलं. पेटीच्या वरच्या पट्टीवर, आडवी झाल्यामुळे उभा दिसणारा, त्याचाच शब्द होता.

"वाचता येतं ना, विहीणबाई?" तो दात आवळून कुजबुजला. "काय लिहिलंय? मग आवाज खाली."

मन्नूबियाने मान तिरकी करून शब्द वाचला. तिने तोंड उघडलं, बाळाकडे पाहिलं, आणि पावलं न वाजवता बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. खमैस पेटीशी खाली बसला. कोपऱ्यातली एक गाठ जराशी सैल होती. ती त्याने हळूच घट्ट केली.