कोळशाच्या बादलीची ओळ

आमचे साहेब एका जर्मन बँकेच्या शिकागो शाखेचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखालचा ऑफिसर. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. साहेब रिटायर होणार म्हणून जर्मनीतल्या हेड ऑफिसने बँकेच्या त्रैमासिकासाठी त्यांच्या नोकरीची हकिकत मागवली. साहेबांनी स्वतःच्या हाताने दीड पान लिहिलं.

"टाइप करून पाठवा," ते मला म्हणाले. "माझे मास्तर वृद्धाश्रमात या अंकाची वाट बघताहेत. त्यांचं नाव छापून येणार, असं सांगून ठेवलंय मी त्यांना."

आमच्याकडे दोन सह्यांशिवाय कागद बाहेर जात नसे. साहेब प्रवासाला निघाले होते, म्हणून त्यांनी कोऱ्या कागदावर आधीच सही करून दिली. दुसरी माझी.

मी वाचायला बसलो. साहेबांनी लिहिलं होतं: पंधराव्या वर्षी एका छोट्या गावातल्या शाखेत शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो. सकाळी शेगडीसाठी कोळशाची बादली वर न्यायची, दौती भरायच्या. तिथल्या मास्तरांचं नाव, आणि तीन वर्षं त्यांनी काम कसं शिकवलं ते. मग हॅम्बर्ग, लंडन, शिकागो.

मला ते बरं वाटेना. एवढा मोठा माणूस, आणि सुरुवात कोळशाने? मी घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. डिग्री फ्रेम करून भिंतीवर लावलेली. मी तो परिच्छेदच गाळला आणि हॅम्बर्गपासून सुरुवात केली. मास्तरांना शिष्याचा फोटो दिसला की झालं, असं वाटलं. खरंच वाटलं.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला घरी आल्यावर बायकोला कौतुकाने सांगितलं. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "म्हणजे महाराष्ट्र मंडळात लोकांना सांगता तसंच केलंत. आपले अण्णा 'धान्याच्या लाइनमध्ये' आहेत ना!"

अण्णा, माझे वडील, गावाकडे मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती वाहायचे.

"तुला नाही कळायचं ऑफिसातलं," म्हणालो.

निरोपाच्या दिवशी अंक आला. साहेबांनी उभ्या उभ्या वाचला, पान उलटून मागेही पाहिलं.

"माझे मास्तर कुठे आहेत?"

"सर, मला वाटलं, कोळसा वगैरे... तुमच्या पदाला शोभत नाही."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुमचे वडील काय करतात?"

आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं. "बाजारात पोती वाहतात."

"मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

फाइलमधल्या झेरॉक्सवर माझ्या सहीशेजारी त्यांची सही होती; तिच्याकडे मला बघवेना.

दुरुस्ती त्याच दिवशी पाठवली. पण पुढचा अंक तीन महिन्यांनी निघायचा होता. साहेब मायदेशी परतले. बर्फ वितळायच्या सुमारास त्यांचं कार्ड आलं. मास्तर गेले होते. तिथली नर्स सांगत होती, ते रोज विचारायचे, टपाल आलं का?

पुढे दुरुस्तीचा अंक आला. कोळशाची बादली, दौती, मास्तरांचं नाव, सगळं जिथल्या तिथे होतं. ते नाव मी मोठ्याने वाचलं. बायको आतून म्हणाली, "हे नाव कोणाचं हो?"

"मी गाळलेलं," म्हणालो.